सोबतीला काकू

माझ्या नवऱ्याने मुंबईहून वेबकॅम आणला तो रविवारी त्याला माझा चेहरा बघता यावा म्हणून. प्रत्यक्षात त्या कॅमेऱ्यासमोर सर्वांत जास्त वेळ आमच्या घरमालकीण काकू बसल्या, आणि त्याही तांदूळ निवडत. हे असं का झालं ते सांगायचं तर आधी आमच्याकडची सोबत म्हणजे काय ते सांगायला हवं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. रत्नागिरीत आमच्या आळीतल्या निम्म्याहून जास्त घरांतले पुरुष मुंबईत नाहीतर आखातात होते. मागे राहिलेल्या बाईने घरात एकटीने राहावं हे मात्र कुणाला मंजूर नव्हतं. एकटी बाई दिसली की शेजारची कुणीतरी उशी काखेत मारून रात्री झोपायला यायची. याला सोबतीला येणं म्हणत. येऊ का, असं विचारायची पद्धत नव्हती. नको म्हणणाऱ्या बाईकडे तर दोघी येत, कारण नको म्हणते त्या अर्थी हिचं काहीतरी बिनसलंय, असा सरळ हिशेब होता.

माझा नवरा मुंबईत नोकरीला आणि तिथे जागा मिळेपर्यंत मी इथे, काकूंच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने. सोबत मला भाड्यातच मिळाली होती म्हणायला हरकत नाही. काकू जेवणं आटोपली की यायच्या, कॉटवर आडव्या व्हायच्या आणि मला कसली भीती वाटायच्या आत घोरायला लागायच्या. चोर आला असता तर तोच दचकून परत गेला असता. एवढी सोबत मला पुष्कळ होती.

सकाळी मी एका बालवाडीत शिकवायचे. दुपारी घरी आले की वेळच वेळ. मग मी आहारशास्त्राच्या एका डिप्लोमाला नाव घातलं. संस्था पुण्याची, पण शिकायचं घरबसल्या, काँप्युटरवर. हा डिप्लोमा झाला तर गावातल्या एका दवाखान्यात रोग्यांना काय खावं आणि काय खाऊ नये ते सांगायची जागा मिळण्यासारखी होती. लोकांना काय खाऊ नये हे सांगायला मला मनापासून आवडतं, तेव्हा ही नोकरी माझ्यासाठीच आहे याबद्दल मला शंका नव्हती. टेबलावरचा मिक्सर खाली उतरवला, तिथे काँप्युटर चढवला, टेलिफोनच्या वायरीला ब्रॉडबँडचं डबडं जोडलं आणि मी विद्यार्थिनी झाले.

या शिकण्यात शिकणं थोडं आणि संपर्कात राहणं फार होतं. एकेकटी शिकणारी माणसं कंटाळून मध्येच सोडून जातात, म्हणून त्यांना एकमेकांत गुंतवून ठेवायचं असं संस्थेचं धोरण. आठवड्यातून एकदा चर्चा असायची. सर एक विषय टाकायचे आणि राज्यभर विखुरलेल्या आम्ही बायका आपापल्या घरातून मराठी बोलणं इंग्रजी अक्षरांत बडवायचो. कुणाच्या तरी गावची लाईट जायची आणि ती बाई अर्ध्या वाक्यात नाहीशी व्हायची. शिवाय प्रत्येकीला एक जोडीदारीण नेमून दिलेली होती. शेवटचा प्रकल्प दोघींनी मिळून करायचा, अर्धा हिने आणि अर्धा तिने. एकीचा अर्धा आला नाही तर दोघीही नापास. जोडीदारीण कोण ते संस्था ठरवणार, आपण फक्त हो म्हणायचं. ही पद्धत मला ओळखीची होती, माझं लग्नही असंच ठरलं होतं.

माझ्या वाट्याला यवतमाळची एक आली. माझ्याच वयाची, नवऱ्याची बदली होऊन नुकतीच तिथे राहायला गेलेली. फार कमी लिहायची. मी दहा ओळी लिहाव्यात आणि तिने 'बरं' म्हणावं. कॅमेरा तिच्याकडेही होता, पण तो असा लावलेला की मला तिचं कपाळ आणि मागचं कॅलेंडर एवढंच दिसायचं. पहिला महिनाभर मी त्या कॅलेंडरवरच्या गणपतीशीच अभ्यास केला.

बाकीच्या बायका मात्र भरपूर बोलायच्या. चर्चेत असे विनोद चालायचे की मी एकटी खोलीत खो खो हसायचे. दुपारचं ऊन आत येऊ नये म्हणून दार लोटलेलं, पडदा ओढलेला. आणि आतून एकट्या बाईचं हसणं.

हे हसणं पहिल्यांदा खालाने ऐकलं. खाला म्हणजे आमच्या गडग्यापलीकडची शेजारीण. आमच्या दोन परसांच्या मध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा होता आणि खालाचा अर्धा दिवस त्यावर कोपरं टेकून जायचा. तिचं माहेर पूर्णगडचं, नवरा बोटीवर, मुलगा कतारला. ती लगेच काकूंकडे गेली. भर दुपारी, दार लावून, एकटीच हसते, म्हणजे पोरीला काहीतरी लागलंय, यावर दोघींचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. तरी खाला व्यवहारी. ती म्हणाली आधी बघून येऊ, मग काय ते करू.

दोघी दार ढकलून आत आल्या तेव्हा मी नेमकी काँप्युटरकडे बघून हसतच होते.

"काय गो, कोणाशी हसतंस?" काकूंनी दारातूनच विचारलं.

मी सांगितलं की अभ्यास करते. काकूंनी खालाकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही.

"अगे, हां, ही चॅट हाय," खाला काँप्युटरच्या पडद्याजवळ येऊन म्हणाली. "माझा पोरगा दर जुम्म्याला असाच येतो काँप्युटरवर. घाबरायचं नाय त्याच्यात."

"मग तो काँप्युटरवर आला की तू एकटी बसतंस काय?"

"एकटी कशी? सगळं घर बसतं."

"तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या. "ही एकटीच बसते."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मला दुपारचीही सोबत सुरू झाली. मी हातापाया पडून सांगितलं की मला अभ्यासाला एकांत लागतो. एकांत हा शब्द काकूंनी अशा चेहऱ्याने ऐकला की जणू मी पथ्याला मीठ मागितलंय. त्यांनी माझ्या खुर्चीमागे पाट मांडला आणि सुकटातले खडे काढायला घेतले. खाला पाठोपाठ चहाची किटली घेऊन आली. आहारशास्त्राच्या पहिल्या सहामाहीचा अभ्यास मी सुकटाच्या वासात केला. आजही प्रथिनं म्हटलं की मला तोच वास येतो.

वैताग तर आलाच. पण खरं सांगते, तोपर्यंत दुपारी मलाही फार एकटं वाटायचं. चर्चा संपली, सगळ्या 'बाय' म्हणून गेल्या की खोली एकदम गप्प व्हायची आणि मला रडू यायचं. काकू आल्यापासून तसं वाटायला मला फुरसतच मिळेना.

शिवाय चर्चेतली माझी पत वाढली. एकदा सरांनी 'टाकाऊ भागांतील पोषणमूल्य' असा विषय टाकला. मी मोठ्याने वाचलं. काकू मागून म्हणाल्या, "माशाचं डोकं टाकणाऱ्यानं आधी आपलं डोकं तपासावं. लिही." मी लिहिलं. मराठवाड्यातली एक शाकाहारी बाई चिडली. काकूंनी तिला फणसाच्या आठळ्या, पडवळाच्या बिया आणि कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचं सांदण सुनावलं. खालाने कोलंबीच्या सालांचं पाणी घातलं. मी आपली टायपिस्ट. शेवटी सरांनी विचारलं, हे संदर्भ कोणत्या पुस्तकातले? मी लिहिलं, पुस्तक माझ्या मागे बसलंय. त्या आठवड्यात सहभागाचे सगळ्यात जास्त गुण मला मिळाले.

सर पुरुष आहेत हे कळल्यावर एक नवीनच अडचण झाली. खालाला परक्या पुरुषासमोर डोक्यावर ओढणी नसताना बसायचं नव्हतं आणि कॅमेऱ्यातून कोण कधी बघेल याचा तिला भरवसा नव्हता. सर फक्त लिहितात, त्यांना आपण दिसत नाही, असं मी हजारदा सांगितलं. तिने घरून नातवाचं टोपडं आणलं आणि कॅमेऱ्याला घातलं. गळ्याखाली नाडीही बांधली. त्या रविवारी नवरा ठरल्या वेळी मुंबईच्या सायबर कॅफेत जाऊन बसला तर त्याला सगळा अंधार. मग टोपडं निघालं आणि त्याला एकदम तीन बायका दिसल्या. तो बिचारा सरसावून बसला होता तो ताठ झाला.

"जेवलास काय रे?" काकूंनी विचारलं.

"हो," तो म्हणाला.

"बारीक झालास."

"चित्र बारीक आहे काकू," तो म्हणाला. त्या दिवशी आमचा संसार एवढाच झाला.

टोपडं निघाल्यावर माझ्या मागे बसणाऱ्या दोघी यवतमाळवालीच्याही नजरेत आल्या होत्या. एक दिवस तिने आपणहून लिहिलं, मागे बसल्या आहेत त्या कोण? मी लिहिलं, सोबत. कसली सोबत? मग मी तिला सगळं सांगितलं, उशी काखेत मारण्यापासून टोपड्यापर्यंत. तिकडून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं लाईट गेली. मग आलं ते पहिल्यांदाच चार ओळींचं होतं. ती तिसऱ्या मजल्यावर राहते. शेजारी कोण आहे ते तिला अजून माहीत नाही, दारं बंद असतात. नवरा सकाळी जातो आणि अंधार पडल्यावर येतो. दुपारी पुस्तक उघडलं की घर खायला उठतं, मग ती झोपून टाकते. तिचे तीन धडे राहिले आहेत.

तिचे तीन धडे राहिले म्हणजे माझा दवाखाना गेला, हे मला पहिल्यांदा कळलं. तिचं वाईट वाटलं ते त्यानंतर. पण वाटलं ते पुष्कळ वाटलं, आणि मी काकूंना ते सगळं वाचून दाखवलं.

"मग ती आता हाय ती एकटीच हाय?" काकूंनी सुपातला हात थांबवून विचारलं. "भर दुपारची?"

"हो ना."

"आणि तू तिला वाचायला सांगतंस?"

काकूंच्या मते माणसाला आधी सोबत द्यायची असते, मग काम सांगायचं असतं. त्यांनी मला खुर्चीतून उठवलं, स्वतः बसल्या, सूप मांडीवर घेतलं आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हां. बसले मी. कर अभ्यास."

यवतमाळवाली गोंधळली. तिला वाटलं काकूंना काहीतरी विचारायचंय. तिने लिहिलं, नमस्कार काकू. काकूंनी मान हलवली आणि तांदूळ निवडायला लागल्या. पुढचे दोन तास त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मध्ये एकदा पेंगल्या, पण सोबतीत पेंगलेलं चालतं. तिकडे तिचं कपाळ थोडा वेळ अस्वस्थ दिसलं, मग खाली झुकलं आणि खालीच राहिलं. संध्याकाळी तिने लिहिलं, एक धडा झाला.

मग हे रोजचंच झालं. मी माझा अभ्यास जमिनीवर बसून वहीपेनने करायचे, कारण माझी खुर्ची यवतमाळला दिली होती. काकू तिला नागपूरवाली म्हणायच्या. यवतमाळ वेगळं, असं सांगून बघितलं, पण कोल्हापूरच्या पलीकडे त्यांच्या लेखी सगळं नागपूरच होतं. तिचं इंटरनेट जुन्या पद्धतीचं, टेलिफोन अडवून चालणारं. त्यामुळे काकूंचं चित्र तिच्याकडे फार हळू पोचायचं. काकूंनी चिमटीत उचललेला खडा खाली पडेपर्यंत तिची एक ओळ लिहून व्हायची, असं ती म्हणे. हळूहळू तिने कॅमेरा खाली वळवला. आधी डोळे दिसले, मग नाक, आणि एक दिवस पूर्ण बाई. गोल चेहऱ्याची, मोठ्या टिकलीची. तिला बघून काकूंना बरं वाटलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की तिला तोंड दाखवायला घरच्यांची मनाई आहे.

खालाला हे सगळं अर्धवट वाटायचं. "न बोलता काय सोबत?" ती म्हणायची. "पोरीला बरं वाटंल असं दोन शब्द तरी बोला." काकू म्हणायच्या, बोलायचं असेल तर सोबतीला नको, लग्नाला जावं.

आंब्याचे दिवस आले आणि नेमका घोळ झाला. काकूंचं माहेर पावसचं. भावाची बाग. दरवर्षी आंबा काढायच्या वेळी त्या तिकडे जायच्या, आंबा काढायला नव्हे, काढणाऱ्यांच्या चुका काढायला. आमचा प्रकल्प द्यायची तारीखही तेव्हाच होती. माझा अर्धा भाग झाला होता. यवतमाळवालीला मधुमेही रोग्याचा महिन्याचा आहार बसवायचा होता, आणि त्यातला बराचसा व्हायचा होता. काकू पिशवी भरताना म्हणाल्या, मी नसताना खालाला बसव.

खाला आली ती ठेवणीतली ओढणी घेऊन आली. बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो, तुला मुलंबाळं किती. त्यानंतर सासू कशी आहे, यवतमाळला मासे मिळतात का, मिळत नाहीत तर माणसं जगतात कशी, नवरा पगार हातात देतो का. यवतमाळवालीला इतक्या दिवसांत कुणी इतकं विचारलं नव्हतं. ती बोलायला लागली ती थांबेचना. मायक्रोफोन लावून दोघी तासन्‌तास बोलायच्या. खालाने तिला मुलग्याच्या लग्नाची गोष्ट मेन्यूसकट सांगितली. ती हसायची, रडायची, पुन्हा हसायची. मी मागून खुणा करत होते, पुस्तक दाखवत होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. तिला इतकं बरं वाटत होतं की प्रकल्पाचं एक पान पुढे सरकलं नाही.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तिला भान आलं. तिने लिहिलं, माझ्याच्याने आता होत नाही. खूप राहिलंय. उद्या नाही पाठवत मी. तू नापास होशील माझ्यामुळे, पण मी तरी काय करू.

मी खालावर ओरडले. खाला माझ्यावर ओरडली, की पोरगी इतके महिने तोंड मिटून होती ती बोलली, ते तुला दिसलं नाही. मग ती गडग्यापलीकडे गेली आणि मी भिंतीला टेकून बसले. मला दवाखाना दिसत होता, पांढऱ्या टेबलामागे बसून दुसरीच कुणीतरी बाई लोकांना काय खाऊ नये ते सांगताना दिसत होती. मला इतका राग आला की मी घरातलं सगळं फरसाण संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पावसहून एसटीने आल्या. डोक्यावर आंब्याची पेटी, हातात पिशवी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. भावाशी पाडलेल्या आंब्यावरून वाजलं म्हणून त्या चिडून परत आल्या होत्या. मी घडलेलं सांगितलं. त्यांनी पाय धुतले, दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "लाव तो काँप्युटर."

मी यवतमाळवालीला लिहिलं, काकू आल्यात. बसल्या आहेत. संध्याकाळी सहापर्यंत वेळ आहे. ती ऑनलाइन आली. तिचा चेहरा सुजलेला होता. काकूंनी तिला काही समजावलं नाही की रागावल्या नाहीत. सूप मांडीवर घेतलं, त्यात तांदूळ ओतला आणि म्हणाल्या, "बसले." तिने डोळे पुसले आणि मान खाली घातली. मी माझा श्वाससुद्धा हळू घेत होते.

तासाभराने, काकूंनी सुपातलं काहीतरी चिमटीत धरून, हा खडा की कणी म्हणून डोळ्यांसमोर वर धरलं, आणि लाईट गेली.

भारनियमनाची वेळ ती नव्हती. कुठेतरी दुरुस्ती निघाली होती. पंखा थांबला, काँप्युटर काळा झाला. मी फोन उचलला आणि तिचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला, एंगेज. म्हणजे ती अजून इंटरनेटवर होती, किंवा रिसीव्हर बाजूला काढून ठेवून झोपली होती. दोन्हीचा आवाज एकच.

"काकू, उठा आता," मी म्हटलं. "लाईट गेली. तिला तुम्ही दिसत नाही."

"तिनं उठ म्हटलंन काय?"

"ती कसं म्हणेल? बंद पडलंय सगळं."

"मग मी कशी उठू?" काकू म्हणाल्या. "सोबतीला बसलं की आपणहून उठायचं नसतं. घरच्या माणसानं उठ म्हटलं की उठायचं. लाईट गेली म्हणून काय सोबत जाते?"

काळ्या पडद्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता. त्यांनी अंबाडा सारखा केला आणि तांदूळ पुन्हा निवडायला घेतला. वैशाखातली दुपार. खोलीत वाऱ्याचा लवलेश नाही. त्यांच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटत गेला. मी सारखी फोन फिरवत होते आणि सारखा तोच आवाज येत होता. माझी चिडचिड होत होती, त्यांच्यावर, यवतमाळवर, वीज मंडळावर. सांगून पटणार नाही, पण त्या बंद काँप्युटरसमोरून त्यांना हाताला धरून उठवावं असं मला एकदाही वाटलं नाही.

थोड्या वेळाने गडग्यापलीकडून खाला आली. कालचं भांडण तिच्या तोंडावर होतं, पण हातात विणलेला पंखा होता. काकूंना घामाघूम बघून ती खुर्चीशेजारी उभी राहिली आणि वारा घालायला लागली. मी बोटांनी तोंडावर कुलूप लावायची खूण केली. खालाने मान डोलावली. दीडदोन तास ती एक शब्द बोलली नाही. या गोष्टीवर आमच्या आळीत अजून कुणाचा विश्वास बसत नाही. काकूंचा तांदूळ निवडून संपला तेव्हा त्यांनी निवडलेलाच पुन्हा सुपात घेतला.

सहाला जरासा अवकाश होता तेव्हा फोन वाजला. लाईट अजून आली नव्हती. मी झडप घालून उचलला.

"पाठवलं," यवतमाळवाली म्हणाली. "पूर्ण पाठवलं. पोचल्याचा निरोपही आला बाप्पा."

मी खालाला हाताने सांगितलं, झालं. खालाचा पंखा खाली पडला.

"मी म्हटलं आता वरच बघायचं नाही," ती पुढे सांगत होती. "मध्ये खाली काहीतरी इंग्रजीत आलं पडद्यावर, तेही नाही वाचलं. जरा जड गेलं की फक्त काकूंकडे बघायची. आज तर काकू काय मन लावून बसून राहिल्या गं. हलल्यासुद्धा नाही."

मला आधी कळेना. मग कळलं. लाईट गेली त्या क्षणाचं चित्र तिच्या पडद्यावर तसंच राहिलं होतं, आणि तिच्याकडे काकू एरवीही इतक्या हळू हलायच्या की तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

"ऐक ना," ती म्हणाली, "काकूंना सांग, हात खाली घ्या आता. केव्हाच्या वर धरून बसल्या आहेत. दुखत असेल."

मी रिसीव्हरवर तळवा ठेवला आणि काकूंकडे वळले. त्या काळ्या पडद्यासमोर, दोन्ही हात सुपात घालून, माझ्याकडे बघत होत्या.

"काकू," मी म्हटलं, "ती म्हणते, हात खाली घ्या."

काकूंनी आपल्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. उजवा हात सुपातून काढला, डोळ्यांपर्यंत वर नेला, क्षणभर तिथे धरला आणि सावकाश मांडीवर ठेवला.

"घेतला म्हणावं," त्या म्हणाल्या. "आणि विचार तिला, उठू काय?"